तुम्हाला माहीत आहे, मग विचारता कशाला?

पेन वर धरून मी विचारलं, "व्हॉट इज धिस?"

समोर सतरा मुलं होती, सात वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची. दोघींच्या मांडीवर धाकटी भावंडं. सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, "धिस इज अ पेन." मग मी पुस्तक उचललं, मग खडू, मग माझीच पिशवी. आवाज चढत गेला. पहिलाच रविवार होता आणि मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक मुलगा मराठीत म्हणाला, "टीचर, तो पेन आहे हे तुम्हाला माहीत आहे ना? मग विचारता कशाला?"

तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच उमगत नव्हतं. त्याच्या घरात, त्याच्या गल्लीत माणसं प्रश्न विचारतात ती काहीतरी हवं असतं म्हणून. पाणी आलं का? बाबा उठले का? बाळाकडे बघशील का थोडा वेळ? उत्तर आलं नाही तर काम अडतं. आणि इथे एक मोठी बाई हातात पेन धरून विचारत होती की हे काय आहे.

मी काहीतरी बोलून वेळ निभावली आणि पुढची वस्तू उचलली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली.

दर रविवारी सकाळी दोन तास वस्तीतल्या एका खोलीत मी मुलांशी इंग्रजी बोलते. 'शिकवते' म्हणायला हवं, पण तो शब्द मला हळूहळू जड वाटायला लागला आहे. व्याकरण, पाठांतर, परीक्षा हे सगळं मुलांच्या शाळेत होतंच. आम्ही काही स्वयंसेवक ठरवून एवढंच करतो की मुलांनी तोंड उघडावं. कुणी नाव विचारलं, रस्ता विचारला, काही दाखवून 'हे कसं चालतं' विचारलं, तर मान खाली न घालता चार वाक्यं बोलता यावीत. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पुढे वाचताना कळलं की त्या मुलाने धरलेली खोट मोठमोठ्या अभ्यासकांनीही धरली आहे. १९८३ साली मायकेल लाँग आणि चार्लीन सातो या दोघांनी इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे प्रश्न तपासले. वर्गात शिक्षक बहुतेक वेळा ज्याचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक आहे तेच विचारतात, आणि वर्गाबाहेरच्या गप्पांत असे प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे बोलायला शिकवायच्या नावाखाली आपण मुलांना असं काहीतरी शिकवतो, जे बोलताना कुणी करतच नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे एका पेनावरून कळलं होतं.

मग मी दोन चित्रं काढली. चित्रकला माझी बेताचीच, पण एका कागदावर घर, झाड, मांजर छपरावर. दुसऱ्यावर तेच घर, तेच झाड, मांजर दारात. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसली, प्रत्येकाच्या हातात एकेक कागद. अट एकच, दुसऱ्याचा कागद बघायचा नाही आणि पाच फरक शोधायचे. आता प्रश्नाला वजन आलं. "कॅट व्हेअर?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "कॅट हाउस अप." पहिला ओरडला, "नो! माय कॅट डोअर!" फरक सापडला. दोघं उठून नाचले. मला उत्तर माहीत होतं, पण मला कुणी विचारतच नव्हतं.

हे मी शोधून काढलेलं नव्हे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये जो प्रकल्प चालवला, त्यात व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली जात. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नाही, ती मिळवायची. किंवा वेळापत्रक वाचून कुठली गाडी पकडायची हे ठरवायचं. मन कामात गुंतलं की भाषा आपोआप अंगात मुरते, असा त्यांचा विश्वास. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. अधूनमधून एखादा नियम समोर बसवून सांगावाच लागतो, निदान मोठ्या मुलांना. पण मूळ गोष्ट पटली. एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं असलं पाहिजे.

'हाउस अप' या शब्दांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. तो मुलगा चुकत नव्हता, तो मराठीत विचार करत होता. आपण 'घरावर' म्हणतो, 'वर' मागून येतो. इंग्रजीत तो पुढे येतो. हे फळ्यावर दोन ओळींत लिहून दाखवलं तेव्हा मुलांचे चेहरे उजळले. इंग्रजी म्हणजे कुणीतरी हुशार माणसांनी राखून ठेवलेली गुप्त गोष्ट, असं त्यांना वाटत होतं. ती आपल्यासारखीच एक भाषा आहे, नुसती पाटी उलटी धरते, हे कळल्यावर भीती थोडी उतरली. म्हणून वर्गात मराठीला बंदी घालणं मला मान्य नाही. काही स्वयंसेवक 'ओन्ली इंग्लिश' म्हणून आग्रह धरतात. ज्या भाषेत मूल शंका काढतं ती भाषा दाराबाहेर ठेवली तर शंकाही बाहेरच राहते.

अशीच एक शंका 'यू'ची. दहा वर्षांची एक मुलगी मला काहीतरी विचारायला उठली, "टीचर, डू..." इथपर्यंत आली आणि अडली. मला वाटलं शब्द आठवत नाही. मी हळूच 'यू' पुरवला. तिने मान हलवली. मग मराठीत म्हणाली, "तुम्हाला आणि ह्याला एकच?" 'ह्याला' म्हणजे शेजारी नाक ओढत बसलेला तिचा धाकटा भाऊ. मोठ्या माणसाला 'तू' कसं म्हणायचं, ही तिची अडचण होती. मी सांगितलं, इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, राजालाही 'यू' आणि बाळालाही 'यू'. खोलीत खळबळ उडाली. पुढची दहा मिनिटं मुलं एकमेकांकडे, माझ्याकडे, छताकडे बोट दाखवत 'यू, यू' करत होती. त्या मुलीने मात्र नंतर कितीतरी आठवडे 'यू टीचर' असंच म्हटलं. आदर कुठेतरी लावायलाच हवा होता तिला. मी ते कधीही दुरुस्त केलं नाही.

आणि 'मी'. आपला 'मी' आणि इंग्रजीतला 'मी' कानाला अगदी एकच. "मी हंग्री." "मी फर्स्ट." मी दर वेळी सांगायचे, तिथे 'आय' म्हणायचं. मुलं म्हणायची, "पण टीचर, मी म्हणजे मीच ना?" त्या दोन शब्दांचं नातं तसं खरंच आहे. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, आणि हे दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळाकडे जातात. एवढं सगळं मुलांना सांगितलं नाही, पण 'लांबचे नातेवाईक आहेत' म्हटल्यावर ती खूश झाली.

आता त्या मुलीबद्दल, जी बोलतच नव्हती.

ती दाराजवळ बसायची. कडेवर दीड वर्षांचा भाऊ. तो रडला की बाहेर जाऊन यायची, परत त्याच जागी. साडेचार महिने तिने एक इंग्रजी शब्द उच्चारला नाही. नाव विचारलं तरी हसून मान वळवायची. मी हार मानत आले होते. मग जेम्स ॲशर यांची पद्धत करून बघितली. अमेरिकेतल्या या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ती मांडली. शिक्षकाने नुसत्या आज्ञा द्यायच्या, मुलांनी त्या शरीराने पाळायच्या, बोलायची सक्ती नाही. लहान मूल बोलायच्या कितीतरी आधी 'इकडे ये', 'तोंड उघड' हे समजून वागतं, तसंच. मी म्हटलं, "स्टँड अप. टर्न अराउंड. टच द वॉल. पुट युअर बॅग ऑन युअर हेड." अर्धी मुलं शेजाऱ्याकडे बघून करत होती. ती मात्र कुणाकडेही न बघता, भावाला कडेवर घेऊन, एकेक आज्ञा अचूक पाळत होती. पिशवी नव्हती तिच्याकडे. तिने भावालाच क्षणभर डोक्यावर धरलं.

साडेचार महिने ती सगळं घेत होती. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं.

पुढच्या रविवारी आज्ञा द्यायचं काम मुलांकडे दिलं. सगळ्यांची पाळी झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं आणि थांबले. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. ही वाट तीन सेकंदांपर्यंत नेली तरी मुलांची उत्तरं लांबतात, गप्प मुलं आपणहून बोलू लागतात. वाचताना तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. समोर एक मूल धडपडतंय आणि सोळा मुलं बघताहेत, तेव्हा त्या तीन सेकंदांत जीव वरखाली होतो. मी मनात मोजत होते. सातपर्यंत आले. मग ती म्हणाली, "टीचर, सिट डाउन."

मी जमिनीवर बसले. मग "स्टँड अप". मग "सिट डाउन". आठ-दहा वेळा उठवलं-बसवलं तिने मला. मोठ्या माणसाने आपलं ऐकून काही करावं, हे तिला नवीन असावं.

पावसाळ्यातली एक गोष्टही इथेच सांगायला हवी. खोलीला पत्र्याचं छप्पर आहे. जोराची सर आली की काही ऐकू येत नाही. सुरुवातीला मी ओरडून बोलायचे, घसा बसायचा. एकदा नाइलाजाने जोड्या केल्या आणि म्हटलं, एकमेकांच्या कानात बोला. त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलली ती एरवी गप्प राहणारी मुलं. पत्र्यावरचा पाऊस त्यांच्याभोवती पडदा धरून होता. चूक झाली तर ती एकाच कानात जाणार होती. भीती आणि लाज वाढली की कानावर पडलेली भाषाही आत शिरत नाही, असं भाषा शिकण्याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन म्हणत आले आहेत. मला ते त्या पावसात दिसलं. तेव्हापासून कोरडा दिवस असला तरी आम्ही पहिली पंधरा मिनिटं कानात बोलतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजूनही जड जातं.

अकरा वर्षांचा एक मुलगा. 'काल काय झालं' हे सांगायचा तो दिवस होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "यस्टरडे माय फादर गो टू वर्क. बॉस से, नो वर्क. फादर कम होम. फादर सिट."

मी म्हटलं, "वेंट. माय फादर वेंट."

तो म्हणाला, "वेंट." मग माझ्याकडे बघून, "फिनिश, टीचर." आणि खाली बसला.

'फादर सिट'. बाप भरदुपारी घरी येऊन नुसता बसला आहे, हे त्याने दोन शब्दांत माझ्यापुढे ठेवलं होतं. ते तो कुणालातरी सांगू बघत होता. मी त्यातलं क्रियापद तेवढं उचललं. पुढचे चार रविवार तो आला, बसला, बोलला नाही. पाचव्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी त्याला दाराशी गाठलं. म्हटलं, "त्या दिवशी तू सांगत होतास आणि मी मध्ये बोलले. चुकलं माझं." त्याने चप्पल पायात सरकवली आणि म्हणाला, "असू दे टीचर. बाबांना लागलं काम."

चुका सुधारायच्याच नाहीत असं मी म्हणत नाही. ते मुलांवर अन्याय करण्यासारखं होईल. बाहेरचं जग त्यांच्या चुका माफ करणार नाही. पण कधी आणि कशा, याचा मी खूप विचार केला. मूल चुकलं की तेच वाक्य आपण सहज नीट करून म्हणायचं, ही सौम्य रीत मला सर्वांत चांगली वाटायची. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या वर्गांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षक हीच रीत सर्वाधिक वापरताना दिसले, आणि मुलांनी प्रतिसाद देण्याचं प्रमाण याच रीतीत सगळ्यांत कमी होतं. मुलांना वाटतं, टीचर नुसतं हो म्हणतेय. शिवाय काही गोष्टींना वेळच लागतो. 'शी गोज'मधला तो शेवटचा 'ज' घ्या. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंसुद्धा तो उशिरा पकडतात, हे रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्येच नोंदवलं आहे. मी त्यावर सलग तीन रविवार घालवले होते.

आता कुणी काही सांगत असलं की मी एवढंच म्हणते, "अँड देन?" चुका वहीत टिपून ठेवते. पुढच्या रविवारी त्या चुका नाव न घेता खेळात घालते.

पालक कधी कधी दाराशी येऊन उभे राहतात. एक आई म्हणाली, "वर्षभरात फाडफाड बोलेल ना?" तिला खोटं सांगणं मला जमलं नाही. आठवड्याला दोन तास, वर्षात चाळीसेक रविवार, म्हणजे ८० तास. रोजच्या साध्या व्यवहारापुरतं बोलता-समजता यावं, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरची दुसरी पायरी गाठावी, तर केंब्रिजच्या अंदाजाने १८० ते २०० तास लागतात. म्हणजे दोन-अडीच वर्षं. त्यातही बोलता येणं वेगळं आणि इंग्रजीतून विज्ञान किंवा इतिहास समजणं वेगळं. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी असलेल्या स्थलांतरित मुलांना गप्पांपुरती भाषा दोनेक वर्षांत येते, अभ्यासाची भाषा वर्गमित्रांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. फाडफाड बोलणाऱ्या मुलाला पुस्तक कळतंय असं धरून चालल्यामुळे कितीतरी मुलांना नंतर मठ्ठ ठरवलं गेलं. हे सगळं मी त्या आईला साध्या शब्दांत सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दोन-अडीच वर्षं तुम्ही याल ना पण?"

या मुलांना भाषेतलं काही कळत नाही असं समजणं ही आणखी एक चूक. घरी एक बोली, शाळेत मराठी, गल्लीत तिसरीच भाषा, असं त्यांच्यातल्या अनेकांचं असतं. एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून जाते. आईचं दुखणं डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टरांचं आईला. एकदा मला म्हणाली, "डॉक्टर आईवर ओरडले, ते मी आईला सांगितलं नाही. गोळ्यांचंच सांगितलं." काय सांगायचं, काय गाळायचं, कुठे शब्द मऊ करायचा, हे बारा वर्षांच्या वयात तिला येतं. मी तिला 'हाऊ आर यू, आय ॲम फाइन' पाठ करायला लावत होते.

पाहुण्यांबद्दल थोडक्यातच लिहिते. मदत देणारे लोक कधीमधी येतात. मुलांना उभं करून "व्हॉट इज युअर नेम?" विचारतात, उत्तर पुरतं ऐकायच्या आत फोटो निघतो. आता आम्ही पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू देत नाही. खोलीचं दार उघडं असतं आणि मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं. आलेल्या पाहुण्याला मी विनंती करते की खाली बसा आणि ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय असं काहीतरी विचारा. पुष्कळांना पटकन सुचत नाही.

यंदा माझी आई आजारी पडली आणि पाच रविवार मी गेले नाही. बरोबरच्या स्वयंसेवकाला निरोप दिला होता. त्याने 'टीचर येणार नाहीत' एवढंच सांगितलं असावं. स्वयंसेवक येतात आणि जातात, हे या मुलांनी माझ्याआधीही पाहिलं आहे. कुणाचं लग्न होतं, कुणाला नोकरी लागते, कुणाचा उत्साह ओसरतो. मुलं विचारत नाहीत, फक्त पुढच्या माणसाला जरा उशिरा जवळ करतात.

सहाव्या रविवारी गेले तेव्हा बाराच मुलं होती, आणि नेहमीपेक्षा हातभर मागे सरकून बसलेली. मी पिशवीतून चित्रं काढायला लागले. दाराजवळून आवाज आला.

"टीचर, व्हाय यू नो कम?"

तीच. भाऊ आता चालायला लागला होता, तिच्या गुडघ्याला धरून उभा होता. खोली गप्प झाली. उत्तर त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. मला लगेच बोलता आलं नाही. ती थांबली. कुणी मध्ये बोलू लागलं तर तिने हाताने त्याला गप्प केलं.

"माय मदर वॉज इल," मी म्हटलं.

"नाउ?"

"बेटर. शी इज बेटर नाउ."

तिने थोडा विचार केला. मग विचारलं, "हू कुक?"

"आय कुक्ड," मी म्हणाले.

तिने भावाला उचलून कडेवर घेतलं आणि मान डोलावली.

"मी टू."